ऑफिसचे काम आणि तंत्रज्ञानाची स्वतःची आवड: हाती असलेला वेळ कुठे लावावा?

मूळसंख्या (धागालेखक)

मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत बॅकएंड डेव्हलपर आहे, म्हणजे सर्व्हरच्या बाजूचे कोड लिहितो. नोकरीला लागलो तेव्हा दिवसभर नवे काहीतरी बांधत बसायला मिळेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात सकाळी स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी भेट, होतो, मग बोर्डावरचे टिकेट, म्हणजे नोंदवलेले काम, उचलायचे, आणि त्यात सांगितलेला बदल नेमका कुठे करायचा हे शोधण्यातच अर्धा दिवस सरतो. बदल बहुधा दोन-चार ओळींचा असतो, पण त्या ओळी ज्या फंक्शनात बसवायच्या ते कोणी, कशासाठी आणि कोणत्या घाईत लिहिले हे कळल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही, आणि लिहिणारी व्यक्ती तर कधीच कंपनी सोडून गेलेली असते. दुपारनंतर पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती, टाकायची, रिव्ह्यूची वाट पाहता पाहता दुसऱ्या कोणाची पुल रिक्वेस्ट वाचायची, आणि संध्याकाळी टेस्ट सर्व्हरवर काहीतरी पडले म्हणून लॉग चाळायचे.

या कामाबद्दल माझी तक्रार नाही, पण संगणकाविषयीचे जे कुतूहल मला या क्षेत्रात घेऊन आले त्याला या दिवसात फारशी जागा उरत नाही. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी थोडा वेळ हाती असतो. सहकारी म्हणतात की नवे फ्रेमवर्क शीक, पुढच्या नोकरीला उपयोगी पडेल. कॉलेजचे मित्र म्हणतात की अल्गोरिदमची कोडी सोडव, मुलाखतीत तीच विचारतात. मला मात्र डेटाबेस डिस्कवर माहिती कशी मांडतो, कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारे गिट आतून कसे चालते, असल्या गोष्टींत रस आहे. त्यांचा रोजच्या टिकेटांशी थेट संबंध दिसत नाही, म्हणून त्यांना वेळ देताना अपराधी वाटते. इथल्या अनुभवी मंडळींनी हा वेळ कुठे लावला, आणि त्याचा कामावर काय परिणाम झाला, हे जाणून घ्यायला आवडेल.

तळटीप

प्रश्न चांगला आहे. उत्तरे नेमकी यावीत म्हणून विचारतो: तुमच्याकडे कोणती भाषा, कोणता डेटाबेस वापरतात? आणि प्रॉडक्शनमध्ये काही बिघडले तर पहिला फोन तुम्हाला येतो की दुसऱ्या टीमला?

उत्तररात्र

मी बरीच वर्षे हेच काम करत आलो आहे, आणि माझे मत ठाम आहे. आपण ज्या थरावर रोज काम करतो त्याच्या बरोबर एक थर खाली काय चालते हे शिकण्यात घातलेला वेळ सर्वांत जास्त फळतो. फार खाली, म्हणजे प्रोसेसरच्या रचनेपर्यंत, लगेच जायची गरज नाही. ज्याच्या डोक्यावर आपण उभे आहोत तो थर आधी समजून घ्यावा.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. आमच्या एका सर्व्हिसकडून दुसरीकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीला चाळीस मिलिसेकंदांहून किंचित जास्त वेळ लागत होता. पलीकडच्या सर्व्हरचे लॉग पाहिले तर तिथले काम एक-दोन मिलिसेकंदांत उरकत होते. टीममध्ये दोन दिवस चर्चा झाली: कोणी गार्बेज कलेक्शनला दोष दिला, कोणी नेटवर्कच्या गर्दीला, कोणी आणखी सर्व्हर लावायचे सुचवले. पण गर्दीमुळे होणारा उशीर कमीजास्त होतो, आणि हा आकडा हलतच नव्हता. आमच्यातल्या एका मुलीला टीसीपीचे, म्हणजे दोन संगणकांमध्ये माहिती तुकड्यांत पोहोचवणाऱ्या नियमावलीचे, वेड होते. आकडा चाळीस आहे एवढे ऐकल्यावर तिने दोन्ही बाजूंचे पॅकेट पकडून पाहिले आणि कारण दाखवून दिले. आमचा प्रोग्राम विनंतीचे हेडर एका राइटमध्ये आणि मजकूर दुसऱ्या राइटमध्ये पाठवत होता. जॉन नेगल यांनी १९८४ मध्ये आरएफसी ८९६ या इंटरनेटविषयीच्या दस्तऐवजात मांडलेल्या पद्धतीनुसार, आधी पाठवलेल्या तुकड्याची पोच येईपर्यंत पुढचा छोटा तुकडा रोखून धरला जातो. उलट बाजूला, पोच एकटी पाठवण्यापेक्षा उत्तरासोबत पाठवता येईल या आशेने ती थोडी थांबवली जाते, आणि लिनक्सवर ही थांबण्याची किमान मुदत साधारण चाळीस मिलिसेकंद आहे. दोन्ही बाजूंनी शहाणपणानेच केलेली काटकसर, पण एकत्र आली की दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. दोन राइट एकत्र केले आणि छोटे तुकडे रोखू नका असे सांगणारा टीसीपी नोडिले हा पर्याय चालू केला, तेवढ्यावर काम झाले.

त्या मुलीने टीसीपी शिकताना आमच्या सर्व्हिसचा विचार केला नव्हता. तिला कुतूहल होते म्हणून ती शिकली. धागालेखकांनी अपराधी वाटून घेण्याचे काहीही कारण नाही.

केतकी

उत्तररात्र यांचा प्रसंग आवडला, तरी मी थोडे विरोधात लिहिते. असे प्रसंग लक्षात राहतात, कारण ते क्वचित घडतात. रोजच्या कामात अडचण येते ती वेगळ्याच कारणांनी: टीम नव्या फ्रेमवर्ककडे वळते, आणि ज्यांना ते येत नाही ते मागे पडतात. पहिल्या काही वर्षांत नोकरी बदलण्याची वेळ येण्याची शक्यता बरीच असते, आणि नोकरीच्या जाहिरातीत टीसीपीची पोच कशी थांबते हे ज्ञान मागितलेले मी पाहिलेले नाही. ज्याच्यावर घरची जबाबदारी आहे आणि ज्याला आठवड्याला जेमतेम काही तास मिळतात, त्याला केवळ कुतूहलामागे जा असे सांगणे मला जबाबदारीचे वाटत नाही. आधी पाय रोवून घ्यावेत, मग हवे तितके खोल जावे.

पूर्णांक

केतकी यांच्याशी सहमत. मुलाखतीची तयारी हे वास्तव आहे आणि ते टाळून चालत नाही.

अर्धविराम

मूळसंख्या, तुम्ही एका गोष्टीकडे अडचण म्हणून पाहता आहात, ती मला संधी वाटते. अर्धा दिवस दुसऱ्याचे कोड वाचण्यात जातो असे तुम्ही लिहिले आहे. हे कौशल्य कोणत्याही अभ्यासक्रमात धड शिकवले जात नाही, आणि ऑफिसात ते पगार घेऊन शिकायला मिळते.

वाचण्याचीही पद्धत असते. फाइल उघडून वरून खाली वाचत गेले तर फारसे हाती लागत नाही. एखादा प्रश्न घेऊन आत शिरावे: ही रक्कम कुठे बदलते, हा फ्लॅग कोण खरा करतो. गिट ब्लेमचा, म्हणजे कोणती ओळ कोणी लिहिली हे दाखवणाऱ्या आदेशाचा, उपयोग दोषी शोधण्यापेक्षा संदर्भ शोधण्यासाठी करावा. ओळ कोणत्या कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या कोणत्या नोंदीत, आली ते पाहावे, त्या कमिटसोबत आणखी कोणत्या फाइली बदलल्या ते पाहावे, आणि तिथून मूळ टिकेटपर्यंत जावे. एखादी विचित्र दिसणारी अट काढून टाकावी असे वाटते, आणि तीन वर्षांपूर्वीचे टिकेट वाचल्यावर कळते की एका ग्राहकाच्या जुन्या प्रणालीकडून तारीख रिकामी येत असे आणि ती अट त्यासाठीच आहे. ही माहिती कोडमध्ये कुठेच लिहिलेली नसते.

परवापर्यंत चालत होते आणि आज बिघडले, अशा बगसाठी गिट बायसेक्ट वापरून पाहा. चांगले आणि वाईट अशी दोन टोके सांगितली की ते मधले कमिट काढून देते. तिथे टेस्ट चालवून निकाल सांगायचा, की उरलेल्यातला अर्धा भाग गळतो. हजार कमिट असले तरी साधारण दहा फेऱ्यांत दोषी कमिट सापडते. टेस्टची स्क्रिप्ट असेल तर या फेऱ्याही गिट स्वतःच करते.

मूळसंख्या (धागालेखक)

सर्वांचे आभार. तळटीप यांच्या प्रश्नाचे उत्तर: आमच्याकडे जावा आणि पोस्टग्रेस वापरतात. प्रॉडक्शनची जबाबदारी आळीपाळीने येते, आणि आता माझे नाव त्या यादीत चढले आहे. खरे सांगायचे तर हा प्रश्न मनात येण्यामागे तेही एक कारण आहे. रात्री अलर्ट आला तर आपल्याला फक्त सर्व्हिस पुन्हा सुरू करता येईल, ती का पडली हे कळणार नाही, ही भावना अस्वस्थ करते.

केतकीताई, तुमचा मुद्दा पटतो, म्हणूनच तर निर्णय होत नाही.

पाणवठा

पोस्टग्रेस वापरता आणि डेटाबेस आतून कसा चालतो याची आवड आहे, मग या आवडीचा टिकेटांशी संबंध नाही असे तुम्हाला का वाटते, हेच मला कळले नाही. बॅकएंडची मंदावलेली बहुतेक पाने शेवटी डेटाबेसला विचारलेल्या एखाद्या क्वेरीपाशी येऊन थांबतात.

उदाहरण घ्या. युझरच्या टेबलवर ईमेलच्या कॉलमला इंडेक्स, म्हणजे झटपट शोधण्यासाठीची क्रमवार सूची, आहे, तरी लॉगिन संथ आहे. क्वेरीमध्ये पाहावे तर ईमेल आधी इंग्रजी अक्षरे लहान लिपीत बदलणाऱ्या लोअर फंक्शनमधून काढून मग तुलना केलेली असते. इंडेक्समध्ये मूळ ईमेल क्रमाने लावलेले आहेत, लहान लिपीत बदललेले नाहीत, त्यामुळे तो इंडेक्स त्या तुलनेला उपयोगी पडत नाही आणि पूर्ण टेबल वाचले जाते. क्वेरी कशी चालली ते दाखवणारे एक्स्प्लेन ॲनालाइझ चालवले की सीक्वेन्शियल स्कॅन असे स्पष्ट लिहून येते. उपाय म्हणजे त्याच फंक्शनवर, म्हणजे लोअर केलेल्या ईमेलवर, इंडेक्स बांधायचा. बी-ट्री म्हणजे क्रमाने लावलेल्या किल्ल्यांची रचना आहे एवढे एकदा मनात पक्के बसले की दोन कॉलमच्या इंडेक्सचा केवळ दुसऱ्या कॉलमच्या शोधाला सहसा फायदा का होत नाही, किंवा शब्दाच्या शेवटच्या अक्षरांवरून शोधताना तो का हात देत नाही, हे पाठ करावे लागत नाही.

आणखी एक, कारण यावरून नव्या लोकांचा गोंधळ होतो. इंडेक्स असूनही प्लॅनरने, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या डेटाबेसच्या भागाने, पूर्ण टेबल वाचायचे ठरवले तर ती दर वेळी चूक नसते. टेबलमधला मोठा हिस्सा निवडला जाणार असेल तर इंडेक्समधून एकेका ओळीकडे उड्या मारत जाण्यापेक्षा आठ किलोबाइटची पाने सलग वाचणे स्वस्त पडते. प्लॅनर आपल्या आकडेवारीवरून हा हिशेब करतो. ती आकडेवारी शिळी असेल तर हिशेब चुकतो, म्हणून अंदाजित ओळी आणि प्रत्यक्ष ओळी यांतले अंतर आधी पाहावे.

सांजसावली

इथपर्यंतचे सगळे प्रतिसाद एक गोष्ट गृहीत धरून चालले आहेत: ऑफिस सुटल्यावर शिकायलाच हवे. मला हे गृहीतक मान्य नाही. टीसीपी असो, पोस्टग्रेस असो किंवा नवे फ्रेमवर्क असो, त्याचा फायदा कंपनीला होणार असेल तर ते शिकण्याचा वेळही कामाच्या तासांतच मिळायला हवा. दिवसभर पडद्याकडे पाहून थकलेल्या माणसाने संध्याकाळी पुन्हा पडदा उघडला नाही तर तो कमी दर्जाचा डेव्हलपर ठरत नाही. माझ्या ओळखीतले काही अतिशय उत्तम इंजिनिअर घरी लॅपटॉप उघडतही नाहीत.

स्प्रिंट, म्हणजे कामाचा पुढचा ठरावीक टप्पा, आखतानाच हा वेळ मागून घ्यावा. मंद क्वेरीचे टिकेट असेल तर अंदाज देताना कारण शोधण्याचा वेळ त्यात धरावा, आणि मॅनेजरला ते मोकळेपणाने सांगावे. स्टँडअप लांबत असतील तर तेही बोलावे. स्क्रम या टीमने काम करण्याच्या पद्धतीच्या मार्गदर्शिकेतच रोजच्या भेटीला १५ मिनिटांची मर्यादा घातलेली आहे. ती भेट तासभर चालत असेल तर शिकण्याचा वेळ तिथेच वाया जातो आहे.

उत्तररात्र

सांजसावली, तुमचा मुद्दा योग्य आहे आणि तो आधी यायला हवा होता. माझ्या प्रसंगातली मुलगीही पॅकेटचा शोध ऑफिसच्याच वेळात घेत होती. मात्र धागालेखक स्वतःहून म्हणत आहेत की त्यांना कुतूहल आहे आणि वेळही आहे. ज्याला संध्याकाळी वाद्य वाजवावेसे वाटते त्याला आपण विश्रांती घे असे सांगत नाही, तसेच याही आवडीकडे पाहता येईल.

रेषाखंड

थोडे विषयांतर करतो. एडिटर नीट शिकण्याचाही कोणीतरी उल्लेख करायला हवा. मी व्हिम वापरतो, टीममधले बहुतेक जण व्हीएस कोड वापरतात, आणि कोणते चांगले या वादात मला पडायचे नाही. पण व्याख्येवर उडी मारणे, एखादे फंक्शन कुठून कुठून वापरले जाते ते पाहणे, सर्व फाइलींत एकदम नाव बदलणे, डीबगरमध्ये अट घालून थांबणे, एवढ्या गोष्टी हाताला सवयीच्या झाल्या की अर्धविराम म्हणतात ते कोडवाचन बरेच सोपे होते.

तळटीप

रेषाखंड, अटीवर थांबणारा ब्रेकपॉइंट ही खरोखर उपयोगी सूचना आहे. लूपच्या हजारो फेऱ्यांपैकी फक्त बिघडणाऱ्या नोंदीपाशी थांबता येते.

वर्णमाला

माझा अनुभव अक्षरांच्या एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतींचा, आहे. मराठीत लिहिणाऱ्यांच्या धाग्यावर त्याचा उल्लेख राहू नये असे वाटते.

एका प्रणालीत नावांच्या शेवटी अधूनमधून चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसे, आणि फक्त देवनागरी नावांनाच हा त्रास होई. कोडमध्ये नाव ठराविक बाइटांवर कापले जात होते. यूटीएफ-८ मध्ये, जे केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखले, इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'नमस्ते' हा शब्द घ्या. डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने ती सहा चिन्हे आहेत: न, म, स, हलन्त, त आणि एकाराची मात्रा. बाइट मोजले तर अठरा. हा शब्द सोळा बाइटांवर कापला तर मात्रेचा एकच बाइट मागे उरतो आणि तोच प्रश्नचिन्ह होऊन दिसतो. बारावर कापला तर बाइट सगळे शाबूत राहतात, पण मागे लोंबकळणारा पाय मोडलेला 'नमस्' उरतो, आणि हा दोष कोणत्याही टेस्टमध्ये सहज सापडत नाही.

लांबी म्हणजे नेमके काय मोजायचे, बाइट, युनिकोडची चिन्हे की वाचणाऱ्याला दिसणारी अक्षरे, हा प्रश्न विचारायची सवय मला लागली ती एका सुट्टीत युनिकोडचे प्रकरण केवळ हौसेने वाचल्यामुळे.

पाणवठा

याला जोडून: मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ-८ या नावाने मिळणारा जुना प्रकार एका चिन्हाला जास्तीत जास्त तीनच बाइट देतो. देवनागरी त्यात बसते, पण इमोजीला चार लागतात आणि तिथे अडते. त्यासाठी चार बाइटांचा प्रकार वेगळा निवडावा लागतो. जुन्या डेटाबेसवर काम करणाऱ्यांनी हे तपासून घ्यावे.

पूर्णांक

हे सगळे वाचून एक शंका येते. आता कोड लिहून देणारी एआय साधने आली आहेत. गिटहब कोपायलटची चाचणी आवृत्ती २०२१ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी ते सर्वांसाठी खुले झाले, त्यानंतर तर अशा साधनांची रीघ लागली. मंद क्वेरी त्यांच्यापुढे ठेवली तर लोअर फंक्शनचा दोष तीही सांगतात. मग हे खालचे थर स्वतः शिकण्याची गरज कितपत उरते?

अर्धविराम

पूर्णांक, मी ही साधने रोज वापरतो आणि त्यांचा मला उपयोगही होतो. टेस्टचा सांगाडा, अनोळखी लायब्ररीचे पहिले उदाहरण, किचकट रेग्युलर एक्स्प्रेशनचा अर्थ, या कामांत वेळ चांगलाच वाचतो. पण त्यामुळे माझे काम लिहिण्याकडून वाचण्याकडे आणखी सरकले आहे. साधनाने दिलेल्या पन्नास ओळी बरोबर आहेत का, हे ठरवायची जबाबदारी पुल रिक्वेस्टवर ज्याचे नाव आहे त्याचीच असते. आणि दिसायला नीटनेटके, पण एखाद्या कडेच्या परिस्थितीत चुकणारे कोड ओळखणे हे उघड चुकीच्या कोडपेक्षा अवघड असते.

बायनरी सर्च घ्या, कारण अल्गोरिदमच्या कोड्यांचा विषय वर आलाच आहे. खालची आणि वरची सीमा यांची बेरीज करून दोनने भागायचे, हे आपण सगळेच शिकलो. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतही ते तसेच होते. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये जाहीर लिहिले की ॲरे पुरेसा मोठा असेल, म्हणजे साधारण शंभर कोटी घटकांचा, तर ती बेरीज बत्तीस बिटांच्या पूर्णांकात मावत नाही आणि ऋण होते. असंख्य लोकांच्या नजरेखालून गेलेल्या कोडमध्ये ही चूक अनेक वर्षे टिकली. पूर्णांक किती बिटांचा असतो हे ज्याच्या मनात जागे असते, त्यालाच ती बेरीज खटकते. साधनाला प्रश्न विचारायचा तरी आधी काहीतरी खटकावे लागते.

उत्तररात्र

अर्धविराम यांच्या खटकणे या शब्दावरून एक्सझेडचे प्रकरण आठवले. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेसचे डेव्हलपर आपल्या संगणकावर कामगिरीची बारीक मोजमापे घेत होते. एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या साधनाने, लॉगिन होताना प्रोसेसर नेहमीपेक्षा जास्त खर्ची पडतो आणि सुमारे अर्धा सेकंद जादा लागतो, हे त्यांच्या लक्षात आले. काही दिवसांपूर्वी मेमरीतल्या चुका शोधणाऱ्या व्हॅलग्राइंडने दिलेल्या काही विचित्र तक्रारीही त्यांना आठवल्या. त्यांनी मागोवा घेतला आणि एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम लपवलेला चोरदरवाजा सापडला. २९ मार्चला त्यांनी तो जाहीर केला. तोपर्यंत बहुतेक लिनक्स वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत तो पोहोचलेला नव्हता, म्हणून फार मोठा अनर्थ टळला. चोरदरवाजा घालणाऱ्याने त्या प्रकल्पात दोन वर्षांहून अधिक काळ मदतनीस म्हणून विश्वास कमावला होता.

अर्धा सेकंद म्हणजे किती थोडा वेळ, आणि तो कुठे जातो हे पाहायला कोणीही त्यांना सांगितलेले नव्हते. मला या माणसाबद्दल नितांत आदर वाटतो.

सांजसावली

याच प्रकरणाची दुसरी बाजूही पाहावी. एवढ्या ठिकाणी वापरली जाणारी ती लायब्ररी प्रामुख्याने एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता आणि तो थकलेला होता, त्यामुळेच मदतीला आलेल्या अनोळखी व्यक्तीवर विसंबणे भाग पडले. आपण ऑफिसात ज्या लायब्ररी सहज जोडतो त्यांच्यामागे कोण आहे, हे पाहण्याचे कुतूहलही तांत्रिकच म्हणावे लागेल. मार्च २०१६ मध्ये लेफ्टपॅड हे जेमतेम अकरा ओळींचे पॅकेज लेखकाने काढून घेतले तेव्हा किती प्रकल्पांचे बिल्ड अडले हे अनेकांना आठवत असेल.

केतकी

वरचे सगळे वाचून माझे मत थोडे बदलले आहे, पूर्ण नाही. पाणवठा आणि वर्णमाला यांची उदाहरणे रोजच्या कामातली आहेत, क्वचित घडणारी नाहीत, हे मान्य करते. तरीही मूळसंख्या यांना नव्या फ्रेमवर्ककडे पाठ फिरवू नका असेच सांगेन. दोन्ही गोष्टी एकाच कामात साधता येतात. तुम्ही जावावर आहात, तर जे फ्रेमवर्क वापरता ते क्वेरी कशी तयार करते याचे लॉग एकदा चालू करून पाहा. शंभर ऑर्डरींची यादी मागवली आणि प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकासाठी वेगळी क्वेरी गेली, म्हणजे एकाच्या जागी एकशे एक क्वेरी गेल्या, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की फ्रेमवर्कही समजते आणि डेटाबेसही. मुलाखतीत असा स्वतः शोधलेला अनुभव सांगितला तर समोरचा माणूस सरसावून बसतो, हे मी मुलाखती घेताना पाहिले आहे.

अर्धविराम

केतकीताई, ही सूचना सर्वांत व्यवहार्य आहे.

रिव्ह्यूची वाट पाहण्याबद्दल धागालेखकांनी लिहिले होते, ते मागे राहिले. आयबीएममध्ये मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्ये कोड तपासणीची रीतसर पद्धत मांडली तेव्हा त्यासाठी ठरवून बैठक बसत असे. आता पुल रिक्वेस्टमुळे ते काम ज्याच्या त्याच्या सवडीने होते, आणि त्या सवडीचीच वाट पाहावी लागते. माझ्या पाहण्यात दोन उपाय लागू पडतात. पुल रिक्वेस्ट लहान ठेवावी, आणि वर्णनात काय बदलले यापेक्षा का बदलले ते लिहावे. फाइलींची नुसती नावे बदलणे आणि वागणूक बदलणे ही दोन कामे वेगवेगळ्या कमिटमध्ये ठेवली तर वाचणारा खरोखर वाचतो. दुसऱ्याचे कोड तपासताना मत आणि दोष यांत फरक करावा. इथे नल, म्हणजे रिकामी किंमत, आला तर काय, हा प्रश्न दोष दाखवतो. मी असे नाव ठेवले नसते, हे मत आहे, आणि तसे ते स्पष्ट लिहावे.

मूळसंख्या (धागालेखक)

इतक्या आस्थेने लिहिल्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. केतकीताईंनी सांगितल्याप्रमाणे काल आमच्या एका पानाचे क्वेरीचे लॉग चालू करून पाहिले. एकशे एक नव्हत्या, पण एका यादीसाठी जवळजवळ तितक्याच क्वेरी जात होत्या. टीम लीडना दाखवले. त्यांनी लगेच टिकेट तयार करून माझ्या नावावर टाकले, आणि अंदाज देताना सांजसावली यांचा सल्ला मानून शोधाचा वेळ मोकळेपणाने मागितला, तो मिळाला.

ऑफिसचा वेळ आता पोस्टग्रेसकडे जाईल असे दिसते. त्यामुळे संध्याकाळसाठी गिट निवडतो आहे, निव्वळ आवडीखातर. त्याचा ऑब्जेक्ट वाचणारा छोटा प्रोग्राम लिहायचा आहे. कोणी केला असल्यास सुरुवात कुठून करावी ते सांगावे.

तळटीप

मी केला आहे. अतिशय आनंदाचे काम आहे, अवश्य करा.

ब्लॉबपासून, म्हणजे फाइलचा मजकूर साठवणाऱ्या ऑब्जेक्टपासून, सुरुवात करा. एका रिकाम्या फोल्डरमध्ये नवी रेपो उघडा आणि एका ओळीची फाइल कमिट करा. लपलेल्या गिट फोल्डरमधल्या ऑब्जेक्ट्समध्ये दोन-दोन अक्षरांच्या नावांचे फोल्डर दिसतील. हॅशची, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या ओळखीच्या आकड्याची, चाळीस अक्षरे असतात, त्यांतली पहिली दोन फोल्डरचे नाव होतात आणि उरलेली अडतीस फाइलचे. ती फाइल झेडलिबने दाबलेली असते. जावाच्या इन्फ्लेटर क्लासने ती उलगडा. आत सुरुवातीला ब्लॉब हा शब्द, मग एक जागा, मग मजकुराची लांबी बाइटांत, मग शून्य किमतीचा एक बाइट आणि त्यानंतर तुमचा मजकूर, एवढेच आहे. या सगळ्याचा, म्हणजे हेडर धरून, शा-१ काढला की तोच हॅश मिळायला हवा. दाबलेल्या बाइटांचा शा-१ काढू नका, आणि लांबी मोजताना वर्णमाला यांचा प्रतिसाद आठवा: फाइलीत देवनागरी लिहाल तर जावाच्या स्ट्रिंगची लांबी इथे चालणार नाही.

ब्लॉब जमला की ट्रीकडे, म्हणजे फोल्डरमधल्या नोंदींच्या यादीकडे, जा. तिथे प्रत्येक नोंदीत परवानगीचा आकडा, नाव आणि शून्य बाइट येतो, पण त्यापुढचा हॅश चाळीस अक्षरांत नसून कच्च्या वीस बाइटांत असतो. बहुतेक जण तिथेच अडतात, कारण त्या वीस बाइटांतही शून्य येऊ शकते आणि नुसत्या शून्यावर तुकडे केले तर पुढचे सगळे सरकते. कमिटचा ऑब्जेक्ट मात्र साधा मजकूर आहे, तो वाचायला काहीच त्रास नाही. अनेक ऑब्जेक्ट एकत्र दाबून ठेवणाऱ्या पॅक फाइलींना इतक्यात हात लावू नका. ट्रीपर्यंत पोहोचलात की इथेच लिहा, पुढचे सांगतो.